दात सरळ करायचे, पण कोणाकडून? चार प्रकारच्या सेवांचं परीक्षण

तारा लावल्यावर पहिल्या चार महिन्यांत दात जवळजवळ कोणाच्याही हातून सरळ दिसायला लागतात. निकेल-टायटॅनियमची ०.०१४ इंची गोल तार ब्रॅकेटमध्ये (दातावर चिकटवलेल्या, खाच असलेल्या छोट्या तुकड्यात) अडकवली की ती आपल्या मूळ आकारात यायला धडपडते आणि वाकडा दात सोबत ओढून आणते. यात डॉक्टरचं कसब कमी, धातूचा गुण जास्त. म्हणून ‘आमचे फॅमिली डेंटिस्टच तारा लावतात, शेजारच्या मुलीचे दात बघा किती छान झालेत’ या शिफारशीवर जाऊ नका. ती मुलगी चौथ्या महिन्यात आहे की तारा काढून दोन वर्षं झालीत, हे आधी विचारा. चावा नीट बसतो का, ओठ मिटतात का, मुळं सरळ उभी आहेत का, फटी परत पडल्या का, हे सगळं नंतर कळतं. जनरल डेंटिस्ट आणि ऑर्थोडॉन्टिस्ट (दात-जबडे नीट जुळवण्याचा तज्ज्ञ) यांच्यातला फरक या ‘नंतर’मध्ये आहे.

आधी शिक्षणाचं पाहू. बीडीएस, म्हणजे दातांच्या डॉक्टरची पदवी, पाच वर्षांचा कोर्स, चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. ऑर्थोडॉन्टिक्स हा त्यातल्या अनेक विषयांपैकी एक. विद्यार्थी तारेचे हुक वाकवायला आणि काढ-घाल करायची प्लेट बनवायला शिकतो. पक्क्या तारांची एक केस दीड-दोन वर्षं चालते आणि विभागातलं पोस्टिंग काही आठवड्यांचं असतं, त्यामुळे अख्खी केस त्याच्या हातून पार पडण्याचा प्रश्नच येत नाही. ऑर्थोडॉन्टिस्ट त्यानंतर तीन वर्षं फक्त हाच विषय घेऊन एमडीएस ही पदव्युत्तर पदवी करतो आणि गाइडच्या (मार्गदर्शक प्राध्यापकाच्या) देखरेखीखाली केसेस सुरुवातीपासून शेवटपर्यंत नेतो.

बीडीएस डॉक्टरने तारा लावू नयेत अशी कायद्याची बंदी नाही. स्वतःला ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणवून घ्यायला मात्र ती पदव्युत्तर पदवी लागते. पाटीवर नुसतं ‘एमडीएस’ दिसलं म्हणून हुरळून जाऊ नये. एमडीएसच्या नऊ शाखा आहेत. हिरड्यांचा, कवळीचा, लहान मुलांच्या दातांचा, तोंडाच्या शस्त्रक्रियेचा, सगळे एमडीएसच. पाटीवर किंवा भिंतीवरच्या नोंदणी प्रमाणपत्रावर ‘ऑर्थोडॉन्टिक्स अँड डेंटोफेशियल ऑर्थोपेडिक्स’ हे शब्द शोधा. अलाइनर (दातांवर चढवायचे पारदर्शक प्लास्टिकचे साचे) बनवणाऱ्या कंपन्या देतात ते ‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’ असले दर्जे डॉक्टरने कंपनीच्या किती केसेस केल्या यावर ठरतात, पदवीशी त्यांचा संबंध नाही.

जागा आली कुठून?

दाटीवाटीने उगवलेले दात चार महिन्यांत ओळीत आले, तर त्यांना जागा कुठून मिळाली हा प्रश्न कोणी विचारत नाही. दात काढले नाहीत, घासून बारीक केले नाहीत, जबडा रुंद केला नाही, तर उत्तर एकच उरतं: दात पुढे कलंडले. बाजूने फोटो काढला की दिसतं. ओठ फुगलेले, मिटायला जोर लावावा लागतो, हनुवटीवर सुरकुती येते. खालच्या पुढच्या दातांवरची हिरडी पातळ असेल तर ती खाली सरकून मूळ उघडं पडतं. पेशंट म्हणतो, ‘डॉक्टर, दात सरळ झाले, पण पुढे आल्यासारखे वाटतात.’ हे वाटणं खरं असतं.

गोल तार दाताचं डोकं हलवते, मूळ तिथेच राहतं. मुळालाही योग्य कोनात आणायचं तर चौकोनी तार लागते. ०.०२२ इंची खाचेच्या ब्रॅकेटमध्ये ०.०१९ गुणिले ०.०२५ इंचाची स्टीलची तार, हा आज बऱ्याच ठिकाणी रुळलेला क्रम आहे. तिथपर्यंत पोचायला साधारण सहा महिने जातात. ‘आता छान दिसतंय, काढून टाकू’ म्हणून जे डॉक्टर गोल तारेवरच केस संपवतात, त्यांचे पेशंट वर्षभरात दुसऱ्या दवाखान्याच्या खुर्चीत दिसतात.

दात काढून करायच्या केसमध्ये हे आणखी जिकिरीचं होतं. साधारणपणे चार उपदाढा (सुळ्यामागचे लहान दात) काढतात, प्रत्येकीची जागा ७ मिलिमीटरच्या आसपास. दात महिन्याला अंदाजे १ मिलिमीटर सरकतो, म्हणजे नुसती जागा मिटायला सहा ते आठ महिने. या काळात पुढचे दात मागे यायला हवेत. पण जागा मिटवायला लावलेली रबराची साखळी दोन्ही टोकांना सारखीच ओढते, त्यामुळे मागच्या दाढाही पुढे येतात. अर्धी जागा दाढांनीच खाल्ली तर चार दात काढूनही ओठ होते तिथेच राहतात. ऑर्थोडॉन्टिस्ट हे आधी हिशोबात धरतो. जिथे पूर्ण जागा पुढच्या दातांना हवी, तिथे हाडात दीडेक मिलिमीटर जाडीचा, ८ मिलिमीटर लांबीचा मिनी-स्क्रू बसवून त्याला ओढ देतो. हा स्क्रू ऐकायला भीतीदायक वाटतो, पण थोड्या भुलीवर पाच-दहा मिनिटांत बसतो. तो कधी कधी सैल पडतो, मग जागा बदलून पुन्हा बसवावा लागतो. हे आधीच सांगणारा डॉक्टर चांगला समजावा.

पहिल्या भेटीत काय व्हायला हवं

पहिल्या भेटीतच ‘पुढच्या आठवड्यात तारा लावू’ म्हणणारा दवाखाना सरळ टाळावा, मग पदवी कोणतीही असो. आधी पूर्ण जबड्याचा ओपीजी एक्स-रे, चेहऱ्याचा बाजूने काढलेला लॅटरल सेफॅलोग्राम, चेहऱ्याचे आणि तोंडातले फोटो, दातांचे साचे किंवा स्कॅन, इतकं हवंच. सेफॅलोग्रामवर रेषा मारून वरचा आणि खालचा जबडा एकमेकांच्या किती पुढे-मागे आहेत ते कोनात मोजतात. जबडे नीट जुळलेले असतील तर हा कोन साधारण २ ते ४ अंश असतो.

अकरा वर्षांच्या मुलीचे वरचे दात पुढे आलेत. समोरून पाहिलं तर दोन शक्यता सारख्याच दिसतात: वरचे दात खरोखर पुढे आहेत, किंवा वरचे जागेवर आहेत आणि खालचा जबडा मागे राहिलाय. दुसऱ्या प्रकारात तिची वाढ शिल्लक असेल तर ट्विन ब्लॉकसारखं, खालचा जबडा पुढे धरून ठेवणारं उपकरण नऊ ते बारा महिने वापरून चावा पुष्कळ सुधारतो, हनुवटी पुढे दिसायला लागते आणि दात काढायची वेळ टळू शकते. सेफॅलोग्राम न काढता वरच्या दोन उपदाढा काढून दात मागे ओढले, तर चावा जुळतो पण हनुवटी मागेच राहते आणि वरचा ओठ आत जातो. उपदाढा परत उगवत नाहीत. ट्विन ब्लॉकची वेळही साधारण दहा ते तेरा वर्षांची, वाढीच्या जोराची. मुलींमध्ये ती लवकर येते. ‘सगळे दात येऊ देत, मग बघू’ हा घरोघरी मिळणारा सल्ला याच मुलांना महागात पडतो. अमेरिकन असोसिएशन ऑफ ऑर्थोडॉन्टिस्ट्स पहिली तपासणी सातव्या वर्षी करायला सांगते. त्या वयात तारा क्वचितच लावतात, नुसतं पाहतात. खालचा दात वरच्याच्या पुढे चावत असेल तर मात्र तेव्हाच हात घालावा लागतो.

फॅमिली डेंटिस्ट: तारांसाठी नाही, पण त्यांच्याशिवायही नाही

इतकं वाचून फॅमिली डेंटिस्ट कमअस्सल असा समज झाला असेल तर तो चुकीचा आहे. मुलाला दर सहा महिन्यांनी पाहणारा माणूस तोच. दुधाची दाढ किडून वेळेआधी काढावी लागली तर सहाव्या वर्षी येणारी पक्की दाढ पुढे घसरते आणि खालून येणाऱ्या उपदाढेची जागा जाते. त्या वेळी बसवलेला छोटा स्पेस मेंटेनर (ती जागा राखून ठेवणारं उपकरण) पुढचा मोठा खर्च वाचवू शकतो. वरचा सुळा दहाव्या वर्षी हिरडीवर बोटाला उंचवट्यासारखा लागायला हवा. लागला नाही तर एक्स-रे काढून तो आडवा तर जात नाही ना हे पाहायचं. ही नजर असलेला बीडीएस डॉक्टर मिळाला तर त्याला सोडू नका.

तारा लावण्याआधी स्केलिंग, सिमेंट भरणं, रूट कॅनाल, दाढ काढणं ही कामंही त्याचीच. हिरड्यांतून रक्त येत असताना तारा लावल्या तर दातांभोवतीचं हाड आणखी खचतं. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच चुकतो. रूट कॅनाल केलेला दात तारांनी व्यवस्थित सरकतो, कारण मुळाभोवतीचा पडदा जिवंत असतो. इम्प्लांट (हाडात बसवलेला कृत्रिम दात) हाडाला जोडलेला असतो, तो तसूभरही हलत नाही. म्हणून पडलेल्या दाताच्या जागी इम्प्लांट किंवा ब्रिज करायचा तर तो तारांनंतर. पुढच्या दातांना कायमची सिरॅमिक कॅपही आधी बसवू नये. सिरॅमिकवर ब्रॅकेट चिकटवायला वेगळं अ‍ॅसिड आणि वेगळा प्रायमर (चिकटवण्याआधी लावायचा द्रव) लागतो, तरी ब्रॅकेट सुटतो, आणि काढताना कॅपचा टवका उडू शकतो.

आणि एक गोष्ट जिचा आम्हाला मनापासून राग आहे: विशीतल्या पोरीचे निरोगी पण थोडे वाकडे दात घासून, गरज नसताना रूट कॅनाल करून, ‘आठ दिवसांत सरळ दात’ म्हणून सहा कॅप बसवणं. कॅपचं आयुष्य साधारण दहा ते पंधरा वर्षं. म्हणजे पन्नाशीपर्यंत दोन वेळा बदलणं आलंच, आणि घासलेला दात परत भरून येत नाही. लग्न ठरलं म्हणून घाई असेल तरी नको.

महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर

महाराष्ट्रातल्या बहुतेक पेशंटची ऑर्थोडॉन्टिस्टशी गाठ पडते ती फॅमिली डेंटिस्टच्या दवाखान्यातच. महिन्यातल्या ठरलेल्या शनिवारी किंवा गुरुवारी ‘व्हिजिटिंग’ डॉक्टर येतात आणि एका संध्याकाळी पंधरा-वीस पेशंट उरकतात. तालुक्याच्या गावात तर याला पर्यायच नसतो. व्यवस्था वाईट नाही. दात भरणारा आणि तारा लावणारा एकाच ठिकाणी, फाइल एकच, जायला जवळ.

बिघडतं ते इथे: ऑर्थोडॉन्टिस्टने फक्त ब्रॅकेट चिकटवले आणि पुढचं दर महिन्याचं काम दवाखान्यातल्या डॉक्टरवर किंवा असिस्टंटवर सोडलं. रंगीत रबरं बदलली म्हणजे काम झालं असं पेशंटला वाटतं, तार मात्र सहा महिने तीच. फाइलवर दर भेटीला कोणती तार घातली हे लिहिलंय का, ते बघा. तीन भेटी ओळीने एकच नोंद असेल आणि जागा मिटवण्याचा टप्पा चालू नसेल, तर ‘डॉक्टर, आत्ता नेमकं काय चाललंय?’ असं विचारायला लाजू नका. मधल्या दिवसांत तार गालाला टोचली तर कोण कापून देणार, डॉक्टर यायचे बंद झाले तर केस कोणाच्या नावावर, हेही पैसे भरण्याआधीच ठरवावं. ही दोन उत्तरं नीट मिळाली तर या सेवेला आमच्याकडून चांगले गुण.

ब्रॅकेट सुटण्यावरून हात ओळखता येतो. दात साफ करून त्यावर ३७ टक्के फॉस्फोरिक अ‍ॅसिडचं जेल १५ ते ३० सेकंद ठेवतात, भरपूर पाण्याने धुतात आणि हवेने इतकं सुकवतात की दात खडूसारखा पांढरट दिसतो. त्यावर प्रायमर, मग ब्रॅकेट, मग निळा लाइट. सुकवल्यानंतर लाळेचा थेंब जरी लागला तरी अ‍ॅसिडपासून पुन्हा सुरुवात करायची. घाईत ती कोणी करत नाही, आणि पहिल्याच महिन्यात तीन-चार ठिकाणचे ब्रॅकेट निघतात. एकच खालचा ब्रॅकेट पुन्हा पुन्हा निघत असेल तर वरचा दात त्यावर आपटतोय. दाढांवर सिमेंटचा छोटा उंचवटा करून चावा थोडा उघडला की प्रश्न मिटतो. चिक्की, उसाचं कांडं, कडक पेरू किंवा भाजलेलं कणीस थेट पुढच्या दातांनी तोडलं असेल तर दोष पेशंटचा. पेरू फोडी करून आणि कणसाचे दाणे सोलून खायला काही हरकत नाही.

डेंटल कॉलेज

मुंबईत सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारातलं शासकीय दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलचं नायर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरची शासकीय महाविद्यालयं, गोव्यात बांबोळी. यांच्या ऑर्थोडॉन्टिक्स विभागात खाजगीच्या मानाने फारच कमी पैशांत काम होतं, आणि निदान बऱ्याच खाजगी दवाखान्यांपेक्षा काटेकोर असतं. एमडीएसचा विद्यार्थी सगळे एक्स-रे, साचे, मोजमापं करून गाइडपुढे केस मांडतो आणि मंजुरीनंतरच ब्रॅकेट लागतात.

किंमत वेळेत मोजायची. ओपीडी सकाळची, सुट्टीचे दिवस सोडून. नंबर लागायला थांबावं लागतं, आणि शाळा-कॉलेज बुडतं. खरी अडचण वेगळीच आहे: तुमचा विद्यार्थी डॉक्टर तीन वर्षं संपली की जातो. केस शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याकडे सुरू झाली तर मध्येच ती ज्युनियरकडे जाणार हे नक्की. म्हणून सुरुवातीलाच ‘मॅडम, तुम्ही कितव्या वर्षाला?’ असं नम्रपणे विचारावं. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हाताला सराव कमी असतो, पण तो तुमची केस बहुधा स्वतःच संपवतो. आमची पसंती त्यालाच.

घरपोच अलाइनर

पारदर्शक अलाइनर हे साधन चांगलंच आहे. घरी साचा घ्या, मोबाइलवर डॉक्टर भेटतील, डबा कुरिअरने येईल, ही सेवा मात्र आम्हाला पटत नाही. अमेरिकेतली स्माइलडायरेक्टक्लब ही या धंद्यातली सर्वांत मोठी कंपनी डिसेंबर २०२३ मध्ये बंद पडली आणि अर्ध्यावर असलेले पेशंट वाऱ्यावर राहिले.

एक अलाइनर दाताला पाव मिलिमीटरच्या आसपास हलवतो, रोज २२ तास घालायचा, सात ते चौदा दिवसांनी पुढचा. किरकोळ फटी, थोडी दाटी, रिटेनर (सरळ झालेले दात पुन्हा सरकू नयेत म्हणून घालायचं साधन) न घातल्याने परत वाकडा झालेला एखादा दात, एवढ्यासाठी ठीक. गोलसर सुळा फिरवणं, खोल चावा उघडणं, उपदाढेची पूर्ण जागा मिटवणं ही कामं नुसत्या प्लास्टिकने धड होत नाहीत. त्यासाठी दातावर सिमेंटचे बारीक उंचवटे लावावे लागतात, दोन दातांमध्ये ०.२ ते ०.५ मिलिमीटर घासावं लागतं, कधी रबर जोडावी लागते. हे कुरिअरने होत नाही. हाड किती शिल्लक आहे हे एक्स-रेवर न पाहता दात हलवणं तर धोक्याचंच, विशेषतः चाळिशीनंतर.

दवाखान्यातून दिलेल्या अलाइनरबद्दलही एक लक्षात ठेवा. स्क्रीनवर दिसणारी हालचालीची चित्रफीत कंपनीतल्या तंत्रज्ञाने बनवलेली असते. डॉक्टरचं काम ती तपासून, न पटणारे टप्पे बदलून परत पाठवण्याचं. ज्याने तारांवर केसेस संपवल्या नाहीत त्याला काय बदलायचं हे कळणं अवघड. म्हणून ‘तारा ऑर्थोडॉन्टिस्टकडे, पण अलाइनर काय कोणीही देतो’ हा समज उलटा आहे.

पैसे, रिटेनर आणि बदली

कोटेशन घेताना एकूण रकमेपेक्षा त्यात काय नाही ते विचारा: एक्स-रे, दात काढण्याचे पैसे, मिनी-स्क्रू, सुटलेला ब्रॅकेट आणि शेवटचा रिटेनर. रिटेनर वेगळा लावणारे बरेच आहेत, आणि नेमका तोच लोक पैसे वाचवायला टाळतात. सुरुवातीला थोडी रक्कम आणि मग दर भेटीला हप्ता, ही पद्धत दोघांच्याही सोयीची. सगळे आधी भरल्यास सवलत, या आमिषाला भुलू नका.

तारा निघाल्यावर खालच्या सहा दातांच्या आतून पातळ तार चिकटवतात आणि वर पारदर्शक रिटेनर देतात. पहिले सहा महिने ते वर्षभर जेवण सोडून पूर्ण वेळ, मग रात्री, आणि रात्रीचा वापर कितीही वर्षं चालला तरी चांगलाच. रिटेनर गरम पाण्यात धुतला की वाकतो. हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ठेवला की ताटाबरोबर जातो.

मध्येच शिक्षणाला किंवा नोकरीला दुसऱ्या शहरात जायचं असेल तर नुसत्या तारा घेऊन जाऊ नका. सुरुवातीचे एक्स-रे, फोटो, साचे किंवा स्कॅनची फाइल, ट्रीटमेंट प्लॅन, आत्ताची तार, किती पैसे दिले, आणि ब्रॅकेटची खाच ०.०१८ आहे की ०.०२२, कोणत्या पद्धतीचे ब्रॅकेट आहेत, हे डॉक्टरांच्या लेटरहेडवर लिहून घ्या. ०.०२२च्या जाड चौकोनी तारा ०.०१८च्या खाचेत बसत नाहीत, आणि ही माहिती नसली की नवा डॉक्टर बहुधा सगळे ब्रॅकेट काढून, त्याचे पैसे लावून, पहिल्यापासून सुरुवात करतो.